प्रश्न चौदावा : नोकरी कायम आहे का?

नेरूळ, नवी मुंबई
रविवार, १० ऑगस्ट १९९७

सौ. वहिनींच्या पायांवर चारूचं डोकं. (पाय कोरेगावात आणि डोकं नेरूळला, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे. गुडघे अजून शाबूत आहेत, गैरसमज नको.)

तुमच्याकडची खुशाली कळून दीड महिना झाला, म्हणजे सगळं ठीकच असणार असं धरून चालले आहे. तुमची पाठ आता कशी आहे? मी पाठवलेलं तेल चोळता, की कपाटात ठेवून नुसतं त्याच्याकडे बघता? दादाचा रक्तदाब, म्हशीचं दूध, मागच्या पडवीची गळती आणि नंदिनीचा निकाल (तो मला कळला आहे, एकसष्ट टक्के, पण तिने स्वतः कळवला, घरातून अधिकृत पत्र नाही) या सगळ्याची सविस्तर हकीकत लिहा. दादाला नमस्कार सांगा. गेली दोन वर्षं तो तुमच्या पत्राच्या तळाशी ‘आशीर्वाद’ एवढा एकच शब्द लिहितो, आणि मागच्या खेपेला तोही तुमच्याच अक्षरात होता. मी प्रकृतीने ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. मी तुमच्या नंदिनीचं स्थळ एका घरी सांगून बसले आहे. ती माणसं पुढच्या रविवारी, म्हणजे सतरा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास तुमच्या दारात येतील. हे सगळं मी न विचारता, तुमच्या अपरोक्ष आणि केवळ पोह्यांपायी केलं. फोन करणार होते, पण तुमचा फोन येतो डॉक्टरांच्या दवाखान्यात, तिथे पंधरा पेशंट बसलेले, आणि त्यातले दहा आपले भाऊबंद. म्हणून पत्र. उभ्याने वाचत असाल तर आधी बसून घ्या, आणि दादा घरात असेल तर गोठ्यात जाऊन वाचा.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही दर पत्रात विचारता आणि मी दर पत्रात टाळते. आज टाळून भागणार नाही. पुण्याच्या एका संस्थेने संशोधन काढलं आहे : शिक्षण संपवून पोरं पहिल्यांदा कामाला लागतात ती कशी लागतात. कुणाच्या ओळखीने, किती दिवस घरी बसून, कुठे काय सांगून, आणि लागली तर टिकतात किती. अठरा ते चोवीस वयाची साठ मुलं-मुली निवडायची, दीड वर्षात प्रत्येकाला तीनदा भेटायचं आणि चौसष्ट प्रश्न विचारायचे. प्रश्न आमच्या सरांनी पुण्यात बसून इंग्रजीत काढले. (सर एकदा नेरूळला आले होते. रिक्षातून उतरले, रस्ते बघून ‘छान, नियोजनबद्ध आहे’ म्हणाले आणि त्याच रिक्षाने परत गेले.) त्यांचं मराठी मी केलं, आणि ते चांगलं झालं हाच पुढच्या घोळाचा उगम आहे. वाईट झालं असतं तर लोकांना ते सरकारी वाटलं असतं आणि त्यांनी सरळ दार लावून घेतलं असतं.

सुरुवातीला लावलंही. कुणी मला मतदार यादीवाली समजलं, कुणी पाण्याच्या बिलाची. कामोठ्यात एका आजोबांनी सिडकोत जमीन गेल्याचे सगळे कागद माझ्यापुढे मांडले आणि भूखंड कधी मिळणार ते विचारलं. मी म्हणाले, मी फक्त पोरांच्या नोकरीचं विचारते. तर म्हणाले, मग नोकरी कधी देता ते सांगा. यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं, तरी त्यांनी मला उन्हात जाऊ दिलं नाही, ओट्यावर बसवून पाणी पाजलं. त्या घरचा नातू माझा क्रमांक एकोणीस.

नेरूळच्या सोसायटीत मात्र तिसराच गैरसमज झाला, आणि तो होणारच होता. आमचे प्रश्नच ऐका ना. मुलगा किती शिकला? नोकरी कुठे? कायम आहे का? (हा चौदावा. सरांचा सगळ्यात लाडका.) हातात काय पडतं? भावंडं किती, त्यातली लग्नाची राहिलेली किती? घर स्वतःचं की भाड्याचं? गावाकडे जमीन आहे का? व्यसन? पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? आता हे प्रश्न कोण विचारतं? तर खांद्याला पर्स, केसात पांढऱ्या बटा, बोलण्यात साताऱ्याची धार अशी त्रेचाळीस वर्षांची बाई, रविवारी सकाळी दहा वाजता घरात येऊन. वहिनी, तुम्ही काय समजला असता? मला तर वाटतं, आपल्याकडच्या मुलीच्या बापांनी ही प्रश्नावली शंभर वर्षांपूर्वीच तयार केली होती आणि सरांनी तिला नुसता अनुदानाचा अर्ज जोडला.

बाबासो शेलार हे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. मूळचे पाटण तालुक्यातले. तीस वर्षं पाठीवर पोती वाहून त्यांनी नेरूळला सिडकोच्या दोन खोल्या केल्या. बायको वेणूबाई, मुलगा कुलदीप, वय बावीस, बी.ए. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. वेणूबाईंनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं आणि शेवटी देवक विचारलं. उत्तरदात्याचा विश्वास संपादन करावा असं आमच्या पुस्तकात आहे, म्हणून मीही सगळं सांगितलं. (देवक कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना, म्हणून ‘इतर माहिती’त लिहिलं. घरी येऊन बघते तर त्यांचं आणि आपलं अशी दोन्ही देवकं लिहून ठेवली होती, आणि ती जुळत होती म्हणजे वेगवेगळी होती.)

मग पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बशीच्या कडेला लिंबाची फोड. आणि ते घेऊन आला कुलदीप, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. आपल्याकडे मुलगी बशी घेऊन येते. इथे बघायला आले होते मी आणि बघायचा होता मुलगा, एवढा साधा हिशेब. पण मी समाजशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, मला तो लागला नाही. मी आपली प्रश्न विचारत गेले, वेणूबाई उत्तरं देत गेल्या आणि कुलदीप फरशीकडे बघत राहिला. मोठ्या कंपनीत सुपरवायझर, कायम, फंड कापला जातो, दिवाळीला बोनस, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. मी सगळं निळ्या शाईने लिहून घेतलं.

सोसायटीत बातमी फिरायला किती वेळ लागतो? पुढच्या तीन रविवारी मी त्या इमारतीतली अकरा घरं केली आणि अकराही पोरं कायम निघाली. एवढी कायम नोकरी पेशवाईत नसेल. यशराज म्हणून एक मुलगा आहे, त्याच्या आईने उत्तर देण्याआधी मला विचारलं, शेलारांनी काय सांगितलं? मी म्हणाले, ते गुप्त असतं. तर म्हणाल्या, मग आमचंही कायमच लिहा. जूनमध्ये मी पहिल्या फेरीचा अहवाल पाठवला. सरांचं उत्तर आलं की चित्र अत्यंत आश्चर्यकारक आहे. तुर्भ्याचे कारखाने माणसं कमी करतायत, आणि त्यांच्या सावलीत राहणाऱ्या पोरांना मात्र पटापट कायम नोकऱ्या लागतायत, हा नवाच सिद्धांत आहे म्हणे. सर डिसेंबरात त्यावर दिल्लीला निबंध वाचणार आहेत. मी त्यांना खरं काय ते अजून कळवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, चारू, तुला कळलं तेव्हा तू का नाही बोललीस? कळलं चौथ्या रविवारी. वेणूबाईंनी जिन्यातून हाक मारून आत नेलं, बशी हातात दिली आणि सरळच विचारलं, “ताई, आता आडपडदा नगं. पोरगी तुमची का भावाची?” त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की वेणूबाई, पोरगी कुणाचीच नाही, मी पाहणीला आले आहे, हे बघा माझं ओळखपत्र. एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

वहिनी, इथून पुढे थट्टा थोडी बाजूला ठेवते. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, पेपरवाला खालून गॅलरीत फेकतो. म्हणजे ज्यांना रोज माझं तोंड बघावं लागलं असतं अशी दोनच माणसं होती, त्यांनीही आपापली सोय लावून घेतली. शनिवारी भाजीवालीशी बोलणं झालं की ते थेट सोमवारी. कुकरच्या शिट्ट्या मी हल्ली मोठ्याने मोजते, दुसरं काही नाही, आपला आवाज चालू आहे ना ते बघायला. मुलाखती मी टेपवर घेते आणि घरी येऊन उतरवून काढते. वेणूबाईंची टेप मी चारदा ऐकली. त्यात त्या म्हणतात, घ्या की ताई, लाजताय काय, आपलंच घर हाय. तिथे आले की मी टेप मागे घेते. सरांनी कळवलं, उतरवलेल्या मजकुरात ‘पोहे घ्या’ हे नऊ वेळा आलं आहे, ते संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे का? मी कळवलं, आहे. या शहरात मला दोन वर्षं झाली आणि ‘आपलंच घर’ असं मला म्हणणारी ती पहिली बाई. मला फार एकटं वाटतं, वहिनी. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

तर वेणूबाईंनी विचारलं आणि मी म्हणाले, “भावाची.”

लगेच पोह्यांची दुसरी बशी आली. त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. प्रश्न तर पहिल्याच दिवशी संपले होते, म्हणून मी वही उघडून नुसतीच बसायची. बाबासो मला बाजारातल्या गमती सांगायचे. वेणूबाई माझ्या डोक्याला तेल लावायच्या आणि म्हणायच्या, केस चांगले हायेत, काळजी घेत न्हाई तुमी. आखाडातल्या एका रविवारी मटण होतं. तिसरी भाकरी वाढताना त्यांनी मुलीचा फोटो मागितला, आणि मी पर्समधला नंदिनीचा फोटो काढून दिला. हिरव्या साडीतला, हसताना मान एका बाजूला झालेला. (तो तुम्ही मला दिला नव्हता. मागच्या खेपेला तुमच्या अल्बममधून मी काढून आणला. हा स्वतंत्र गुन्हा, त्याची चौकशी सवडीने करा.) तुमची पोर मी अशी पर्समधून काढून लोकांच्या ताटाशेजारी ठेवली, आणि वर रस्सा मागून घेतला. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा मला स्वतःची शिसारी आली. पुढच्या रविवारी परत गेले.

पुढचं सगळ्यात अवघड. त्याच सुमारास मी तुर्भ्याला मालकलोकांच्या मुलाखतींना गेले होते. (मालकांना वेगळे अठरा प्रश्न असतात. ते चहासुद्धा विचारत नाहीत.) एका गोदामाबाहेर ट्रक रिकामा होत होता, आणि पाठीवर खोकी घेऊन उतरणाऱ्यांत मला माझा एक उत्तरदाता दिसला. त्याचं नाव मी सांगणार नाही. तुमचं नाव कुठेही येणार नाही असं लेखी वचन आम्ही प्रत्येकाला देतो, आणि तेवढी एक गोष्ट मी या धंद्यात प्राणपणाने पाळते. त्याला आपण क्रमांक सदतीस म्हणू. (सदतीसची आई पोह्यांवर ओलं खोबरं घालते, एवढं सांगितल्याने वचन मोडत नाही.)

त्याने मला बघितलं, खोकं खाली ठेवलं आणि स्वतःच टपरीवर घेऊन गेला. इस्त्रीचा शर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला होता; सकाळी आल्यावर काढायचा, संध्याकाळी निघताना घालायचा. म्हणाला, “मॅडम, सुपरवायझर होतो मी. खोटं नाय. अकरा दिवस.” मग कंत्राटदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली आणि याला म्हणाला, राहायचं तर लोडिंगला राहा. पाच महिने झाले. रोजावर आहे, नाव कुठल्याच कागदावर नाही. मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, “बाबा पोती उचलतात, पन त्यांना माथाडी बोर्डाचं कार्ड हाय, दवाखाना हाय, फंड हाय. मी पन तेच उचलतो, फक्त प्यांट घालून. त्यांनी तीस वर्षं काढली ती मी हे करू नये म्हनून. कसं सांगू?”

वहिनी, सरांच्या चौसष्ट प्रश्नांतून जे निघालं नव्हतं ते त्या पोराने अर्ध्या कटिंगमध्ये सांगितलं. मी वही काढली नाही. त्याने विचारलं, मग आता फॉर्म खरा कुठला, आईचा का माझा? मी म्हणाले, दोन्ही ठेवते. आईला सांगणार नाही, हेही सांगितलं. तेवढ्यात आतून हाक आली, तर उठता उठता म्हणाला, “ती फोटोतली मुलगी हाय ना, तिला खरं सांगा मॅडम. आमच्या घरी नका सांगू, पन तिला सांगा.” आपण होऊन म्हणाला. मी शरमेने त्याच्या चहाचे पैसेसुद्धा द्यायचे विसरले, त्यानेच दिले.

गेल्या रविवारी बाबासोंनी जाहीर केलं की पंधरा ऑगस्टला जोडून गावाला जायचं आहे, परतताना कोरेगावला उतरून मुलगी बघून येऊ. तुमचा पत्ता त्यांना कुणी दिला, हे विचारू नका. मी काय करायचं ते सांगा. मुलगा कायम नाही हे मी त्यांना सांगू शकत नाही, आणि पाहणी होती हे आता सांगितलं तर त्या बाईने तीन महिने माझ्या डोक्याला तेल कशासाठी लावलं? माझी खरी भीती दादाची आहे. पाटणकडचं घराणं, एकुलता एक मुलगा, सिडकोच्या दोन खोल्या, कायम नोकरी, हे ऐकल्यावर तो सुपारी फोडूनच उठेल. आणि नंदिनीने मला लिहिलं आहे (तुम्हाला तिने सांगितलं नसेल तर मीही सांगितलेलं नाही) की तिला साताऱ्याला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा आहे आणि दोन वर्षं तरी लग्नाचं नाव नको आहे. मुलगा वाईट नाही. मी भेटलेल्या साठांत त्याच्याइतका सरळ दुसरा नाही. पण खोट्या चौदाव्या प्रश्नावर तुमच्या मुलीचा संसार उभा राहिला तर मी कुठे तोंड लपवू?

म्हणून एवढं करा. सदतीसचं सगळं नंदिनीला एकटीला सांगा. ती माणसं आली की नीट बसवा, चांगलं खाऊ घाला. वेणूबाईंना चहात साखर जास्त लागते. मग पत्रिका जुळत नाही म्हणा, गुरुजींवर ढकला, काहीही करा, पण दादाने हो म्हणायच्या आत नकार द्या. मला हवं तेवढं बोला. दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तो निदान रागाने तरी चार ओळी लिहील.

इथे थांबते. शेवटची ओळ वाचेपर्यंत तुमचा चहा गार झाला असेल, तो परत तापवून घ्या. नंदिनीला म्हणावं, आत्याचे कान पुढच्या भेटीत तुझ्या हवाली.

तुमची,
चारू

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण एक राहिलं. नकार द्याच, फक्त लगेच देऊ नका. आता श्रावण आहे. मग गणपती, मग पितृपक्ष, त्यात तर नकारसुद्धा अशुभ. मग नवरात्र, दिवाळी. ‘विचार करून कळवतो’ एवढं म्हटलंत की तुळशीच्या लग्नापर्यंत कुणी काही विचारणार नाही, ही आपली रीतच आहे. मी मोजून बघितलं, तेरा-चौदा रविवार होतात. तेवढे मला द्या, वहिनी. नंतर मी कधी काही मागणार नाही.

दुसरा ता. क., मंगळवार, १२ तारीख. पत्र कालच पेटीत टाकायचं होतं, तिकिटं नव्हती म्हणून राहिलं, ते बरंच झालं. काल संध्याकाळी माझी घंटा वाजली. या घरात घंटा वाजते हे मी विसरूनच गेले होते; मला वाटलं शेजारची. दारात कुलदीप. आत ये म्हटलं, आला नाही. बाहेर उभ्यानेच पाकीट पुढे केलं, त्यात नंदिनीचा फोटो होता. म्हणाला, “आई नगं म्हनली.” मी विचारलं, का रे? चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, “पोरगी चांगलीच असंल म्हनली. पन तिची आत्या अशी एकटी ऱ्हाते, लग्न नाय, घरचं कोन येत नाय-जात नाय. त्या घरात काय तरी असंल म्हनली.”

म्हणजे चौकशी त्यांनीही केली होती, वहिनी. आमच्या चौसष्ट प्रश्नांत एक कमी होता, विचारणारी बाई कुणाबरोबर राहते, आणि तो वेणूबाईंनी विचारला. मला राग यायला हवा होता. मी फक्त पाणी आणायला आत गेले आणि पेला भरून तिथेच उभी राहिले. बाहेर आले तर तो अजून होता. म्हणाला, आता माझा फॉर्म कॅन्सल का मॅडम? मी म्हटलं, नाही, दुसरी फेरी नोव्हेंबरात आहे. तो म्हणाला, मग घरी नका येऊ, तुर्भ्याला या. पाणी प्यायला, पेला माझ्या हातात दिला आणि गेला. त्याला दोष नाही. स्थळ मोडल्यावर एकमेकांकडे जायचं नसतं, ही पण आपली रीतच आहे.

तेव्हा सतराला कुणी येणार नाही. नकाराचं, पितृपक्षाचं, सगळं रद्द समजा. दादाला काही सांगायची गरज उरलेली नाही. नंदिनीला मात्र सगळं वाचून दाखवा, तिची माफी मला मागायची आहे. आणि फोटो मी पोस्टाने पाठवणार नाही, वाकतो. तो न्यायला शनिवारी तिलाच पाठवा. पंधराला जोडून सुट्टी आहेच. कॉलेजचं काही नसेल तर चार दिवस राहू दे, इथेही कॉम्प्युटरचे क्लास पुष्कळ आहेत, तिला नुसते बघता येतील. साताऱ्याहून सकाळची गाडी वाशीच्या थांब्यावर दुपारी दोनच्या पुढे येते हे मला माहीत आहे. मी सकाळपासून उभी राहीन.